चौथा नट

“सम्यक दर्शन,” असं म्हणत मामंजींनी पहिला नट काढला आणि पितळी वाटीत टाकला. “सम्यक ज्ञान.” दुसरा पडला. तिसऱ्यानं जरा दमवलं. पाना दोनदा निसटला, आणि तिसऱ्यांदा निसटला तेव्हा ओठांवर आलेला शब्द त्यांनी तसाच गिळला, कारण चातुर्मास चालू होता. “सम्यक चारित्र!” तिसरा नट वाटीत पडला. मामंजी फियाटखालून सरपटत बाहेर आले, उठून बसले आणि म्हणाले, “झालं! रत्नत्रय पूर्ण. आता अक्सल बाहेर.”

मी चहाचा कप घेऊन शेजारी उभी होते. नट तीन नसतात, चार असतात, हे मला माहीत होतं. चौथा कुठं आहे हेही मला दिसत होतं. मी म्हणाले, “मामंजी, चहा.”

या गोष्टीला आता तीस वर्षं होतील. लग्न होऊन मी जयसिंगपुरात आले त्याला सहा महिने झाले होते; नवरा नोकरीला परगावी, महिन्यातून एकदा घरी यायचा. मामंजी म्हणजे माझे सासरे, बाळगोंडा मास्तर. हायस्कुलात भूमिती शिकवून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यावर मिरजेच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट घेऊन तिच्यात जीव गुंतवून बसलेले. लग्नानंतर मला या घरी घेऊन आली, तेव्हापासून ती गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. उजवं मागचं चाक घुमायचं. बेअरिंग गेलं होतं. ते बदलायचं तर अक्सल, म्हणजे चाक फिरवणारा तो लांब लोखंडी दांडा, आधी बाहेर काढायला हवा. मेकॅनिकला बोलवायला मामंजी तयार नव्हते. “पुस्तकात बघून माणूस चंद्रावर गेला,” ते म्हणायचे, “मी चाकापर्यंत जाऊ शकत न्हाई?”

आता माझ्याविषयी. निपाणीला चिकोडी रोडवर माझ्या अण्णांचं गॅरेज. मी नववीत असताना जॅक निसटला आणि अण्णांचा उजवा हात मनगटातून कायमचा अधू झाला. तेव्हापासून अण्णा बाजूला बसून सांगायचे आणि गाडीखाली मी असायची. फियाट, ॲम्बॅसिडर, जीप, एकदा तर वऱ्हाड सोडून आलेली अख्खी मेटॅडोर. लग्नाचं बघायची वेळ आली तेव्हा इचलकरंजीच्या काकांनी सगळ्यांना बसवून तंबी दिली. “गॅरेज हाय म्हणून सांगायचं. पोरगी गॅरेजात असती म्हणून सांगायचं न्हाई.”

“मग पोरगी काय करती म्हणून सांगायचं?” अण्णांनी विचारलं.

“भरतकाम.”

बघायचा कार्यक्रम काकांच्या घरी झाला, लग्नही तिथंच. निपाणीचं गॅरेज कुणी पाहिलंच नाही. सासरी आल्यावर आठव्या दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढं पांढरा टेबलक्लॉथ, दोऱ्यांच्या लड्या आणि मोराची आकृती आणून ठेवली. सहा महिन्यांत माझा मोराचा एक पाय झाला होता, आणि तोही कोंबडीचा वाटत होता. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्या तो पाय बघायच्या, ‘हं’ म्हणायच्या आणि निघून जायच्या. त्या ‘हं’नं माझा जीव अर्धा व्हायचा. ज्या दिवशी खोटं उघडं पडेल, त्या दिवशी या घरात आपल्याला ‘फसवून दिलेली पोरगी’ म्हणतील, ही धास्ती मी रोज रात्री उशाला घेऊन झोपत होते.

म्हणून मी चहा दिला आणि गप्प राहिले.

चौथा नट मामंजींना दिसला नव्हता असं नाही. तो झाकला होता. चाकाच्या मागच्या पत्र्याच्या ताटलीला चार कोपऱ्यांत चार नट असतात, ते अक्सलला धरून ठेवतात. सहा महिने उभ्या गाडीत चौथ्या कोपऱ्यात एका कुंभारणीनं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या त्या लांबट गांधीलमाशीनं, लिंबाएवढा मातीचा गोळा थापला होता. सकाळी ताटली घासताना मामंजींचा ब्रश त्या गोळ्यापाशी आला आणि थांबला. “घर हाय कुणाचंतरी,” ते म्हणाले. “आत जीव असणार. ह्याला कुणी हात लावायचा न्हाई.” मग त्यांनी गोळ्याच्या भोवतीनं निगुतीनं ताटली लखलखीत केली आणि दिसले तेवढे तीन नट काढले. तीन निघाल्यावर त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. आम्हा जैनांचा मोक्षमार्ग दर्शन, ज्ञान, चारित्र या तिहींवर चालतो, मग फियाटला जास्त कशाला लागतील?

दहाच्या सुमाराला ओढायला सुरुवात झाली. आधी मामंजी एकटे. मग गल्लीतले चौघे बनियनवर आले. अक्सलच्या तोंडाला दोरखंड बांधला. “एक, दोन, तीन!” अक्सल जागचा हलेना, गाडी मात्र विटांवरून बोटभर सरकली. पुन्हा “एक, दोन, तीन!” एकाचा पाय घसरला, तो दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि चौघंही आत्यांच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात बसले.

कुंपणाच्या भिंतीवर शेजारचे नेमगोंडा सुपारी कातरत बसले होते. नेमगोंडांना शेती, ट्रॅक्टर आणि इतरांच्या अडचणी या तिन्ही गोष्टींची मनापासून आवड. “मास्तर,” ते म्हणाले, “म्हातारा दात हाय त्यो. असा निघायचा न्हाई. माझा ट्रॅक्टर आणू का?”

“नको.”

“एक झटका दिला की—”

“झटक्यानं हाऊसिंग, म्हणजे अक्सलवरची नळी, वाकते. पुस्तकात लिहिलंय. हातानंच काढायचं.”

“हातानं? दिवस बुडायच्या आत हातानं निघाला, तर तुमचं अख्खं परसू मी नांगरून देतो. बोला!”

“आणि न्हाई निघाला तर?”

नेमगोंडांनी अडकित्ता मिटला. त्यांच्या मनात काय आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. “तर हिचं इंजिन माझ्या कडबाकुट्टीला.”

चौघंजण हसले. मामंजी हसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण माणूस सकाळपासून गाडीखाली होता, हाताची साल निघाली होती आणि वर कोथिंबिरीत बसलेल्यांचं हसू. “दिलं!” मामंजी म्हणाले.

मास्तरांनी दिलेला शब्द मोडल्याचं जयसिंगपुरात कुणी ऐकलं नव्हतं. आणखी एक शब्द त्यांनी मला दिला होता: पंचमीला सुनेला एस्टीनं नाही, याच गाडीतून माहेरी सोडणार. पंचमी तीन दिवसांवर होती. मला माहेरची ओढ होतीच, खोटं कशाला सांगू? पण गाडीखातरही माझा जीव तुटत होता. त्या घरातली तेवढी एकच वस्तू होती जिची भाषा मला येत होती. आणि आता तिचं इंजिन कडबा कातरत बसणार होतं.

सांगावं तर मी उघडी पडते. न सांगावं तर गाडी जाते. दुपारभर मी भाकरीचं पीठ मळत तिसरी वाट शोधत होते.

वाट सापडली ती भिंतीवर. आमच्या सोप्यात किल्लीचं मोठं घड्याळ होतं, तासाला आणि अर्ध्या तासाला ठोके देणारं. आम्ही जैन माणसं दिवस बुडायच्या आत जेवतो. एरवी सूर्याकडे बघून चालतं, पण त्या दिवशी सकाळपासून आभाळ असं गच्च की सूर्य आहे की गावाला गेलाय तेही कळेना. अशा दिवशी घर पंचांगावर आणि त्या घड्याळावर चालायचं. पंचांगात सूर्यास्त सहा सत्तावन्न. म्हणजे साडेसहाच्या ठोक्याला ताटं. आणि ताटं मांडली की गाडीपाशी कुणीही नसणार.

साडेपाचच्या सुमाराला सोप्यात कुणी नाही असं बघून मी स्टुलावर चढले आणि मोठा काटा वीस मिनिटं पुढं ढकलला. वीसच. जास्त करायची छाती नव्हती. मामंजींचं मनगटी घड्याळ खालच्या फळीवर काढून ठेवलेलं होतं; तेही वीस मिनिटं पुढं. रेडिओचे सेल काढून तांदळाच्या डब्यात. उशिरा जेवणं पाप आहे, लवकर जेवणं कुठल्या ग्रंथात पाप लिहिलंय? अशी मनाची समजूत घालून मी परत भाकरी थापायला बसले. भीतीनं वेळेचं भान राहिलं नाही. चार भाकऱ्या होतात न होतात तोच बाहेर घड्याळानं साडेसहाचा ठोका दिला.

आत्या उंबऱ्यात उभं राहून ओरडल्या, “अहो, साडेसहा झालं! हात धुवा. तुमी पण या रे चौघं. नेमगोंडा, तुमी बी या. वादावादी जेवून करा.”

“एवढ्यात?” मामंजी गाडीखालून म्हणाले.

“सूर्य काय तुमच्या अक्सलसाठी थांबतोय व्हय?”

सगळे हात-पाय धुऊन पंगतीला बसले. आता मला फक्त तिथून सटकायला निमित्त हवं होतं, आणि नवी सून पंगत सोडून जाते ते कुठल्या तोंडानं? मी वरणाचं भांडं हातात घेऊन उभी, तेवढ्यात आत्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. “मी वाढती. तू जरा परसातलं वाळवण काढून आण. पाऊस येईल.”

“बरं, आत्या.”

“आणि ही साडी सोड. दारामागं माझी जुनी हाय, ती गुंडाळ.”

“का?”

“डाग पडतील.”

“वाळवणाचे?”

“जा आता,” आत्या म्हणाल्या आणि वरण वाढायला वळल्या.

परसात वाळवण नव्हतंच. सकाळीच काढलं होतं. पण तेव्हा मला विचार करायला सवड नव्हती. आत्यांची जुनी साडी खोचून मी सहा महिन्यांनी पहिल्यांदा गाडीखाली शिरले. तो ग्रीसचा, जुन्या लोखंडाचा वास आला आणि मला हसूच फुटलं. आधी कुंभारणीचं घर. मीही त्याच धर्मातली. ते फोडणं मलाही जमणार नव्हतं. स्वयंपाकघरातलं पातळ उलथनं आणलं होतं. ओल्या फडक्यानं कड भिजवली, उलथनं लोण्याखाली सरकवावं तसं हळूहळू सरकवत नेलं, आणि गोळा अख्खाच्या अख्खा हातात आला. तो शेडच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. खाली चौथा नट होता, गंजून लाल झालेला. घासलेट, दोन टोले, पाना, आणि मांडीचा जोर. कुर्र करत तो फिरला. मग ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकामागचं ते जड लोखंडी भांडं, पकड म्हणून अक्सलच्या तोंडाला उलटा लावून मी अक्सलला आतून बाहेर असे चार हिसके दिले. पाचव्याला अक्सल बोटभर बाहेर आला. पूर्ण काढला असता तर सगळंच कळलं असतं. मी तो परत आत ढकलला, नट कमरेला खोचला, चौथी जागा मातीनं लिंपली आणि हात चिंचेनं घासले.

माझा बेत असा: जेवून मामंजी येतील, एक शेवटचा प्रयत्न करतील, अक्सल त्यांच्या हातात येईल, पैज जिंकतील, आणि मी पदर डोक्यावर घेऊन टाळ्या वाजवीन.

बेतात एकच खोट होती. तिकडं पंगतीत आत्या माणसांना उठूच देत नव्हत्या. “आणखी एक भाकरी घ्या. आमटी कशी झालीय? न्हाई म्हणायचं न्हाई.” मामंजींचं लक्ष दाराकडे, आणि ताटात भाकरीवर भाकरी. शेवटी ते हात धुऊन उठले, तोच घड्याळानं सातचे ठोके दिले.

सगळे परसात आले. मामंजी गाडीपाशी जाऊन उभे राहिले, पण त्यांनी अक्सलला हात लावला नाही.

“सात वाजले,” ते म्हणाले. “सूर्यास्त झाला. हरलो.”

मी शेडच्या खांबाला धरून उभी होते. माझ्या मूर्खपणावर माझाच विश्वास बसेना. ज्या घड्याळानं मला वेळ मिळवून दिला, त्याच घड्याळानं मामंजींची वेळ खाल्ली होती, आणि ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“हरला तर हरला, जिवाला लावून घेऊ नका,” नेमगोंडा ढेकर देत म्हणाले. “आता माझा झटका बघा.” मामंजी नको नको म्हणेपर्यंत ट्रॅक्टर कुंपणाच्या फाटकातून आत. नेमगोंडांनी दोरखंड मागं अडकवला, सीटवर बसले आणि अशी काही रेस दिली की जणू विमान उडवायचंय. अक्सल तर नुसता टेकलेला. तो लोण्यातून सुरी यावी तसा सपकन बाहेर आला, आणि ट्रॅक्टर, नेमगोंडा आणि मागोमाग टणाटण उड्या मारणारा अक्सल अशी सगळी वरात परसाचं दुसरं कुंपण मोडून पलीकडच्या शेणखतात जाऊन थांबली.

चौघे पोट धरून हसले. नेमगोंडा खतातून उतरले ते हात वर करूनच. “निघाला! बघितलं? एका झटक्यात!”

मामंजी हसले नाहीत. त्यांनी फियाटचं पुढचं दार उघडलं, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्टिअरिंग पुसायला लागले. आधी वरून, मग खालून, मग मधलं ते हॉर्नचं बटण. “उद्या सकाळी घेऊन जा इंजिन,” ते म्हणाले. “फक्त पाणी बघून घालत जा. ही लवकर तापते.”

फसवून दिलेली पोरगी म्हणोत, परत निपाणीला पाठवोत. मला ते बघवेना.

“अजून दिवस बुडलेला नाही,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. सासऱ्यांपुढं मोठ्यानं बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं.

“घड्याळ मी पुढं केलंय. वीस मिनिटं. मनगटातलं पण.” एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. “आणि अक्सल ट्रॅक्टरनं निघाला नाही. त्याला चार नट असतात. चौथा मातीच्या घराखाली होता. तुम्ही जेवत होता तेव्हा मी काढला.” मी कमरेचा नट काढून मामंजींपुढं धरला. “मला भरतकाम येत नाही, मामंजी. मला हे येतं.”

मामंजींनी नट हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी विचारलं, “कुंभारणीचं घर फुटलं काय गं?”

“नाही, मामंजी. अख्खं आहे. कोनाड्यात ठेवलंय.”

त्यांनी कोनाड्यात वाकून बघितलं आणि मान हलवली. त्या प्रश्नासाठी मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला तयार होते.

पण नेमगोंडा इतक्यात सोडणार नव्हते. “ह्या! सुनंनं नट काढला? मास्तर, सून तुमची, घड्याळ तुमचं, नट बी तुमचाच. मी कुणावर इस्वास ठेवू? खरं असंल तर अक्सल परत बसवा, चारी नट आवळा, आणि हिला माझ्या डोळ्यांदेखत काढू दे. हातानं! दिवस बुडायच्या आत!”

मी मनात हिशेब केला. घरातल्या घड्याळात सात पाच. वीस वजा केले तर खरे पावणेसात. राहिली बारा मिनिटं. नुसता अक्सल परत बसवायलाच दहा जातात. “पावणेसात झालेत,” मी म्हणाले. “बारा मिनिटांत व्हायचं नाही.”

“पावणेसात न्हाई,” मागून आवाज आला. “सहा पंचवीस.”

आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हात पदराला पुसत. “हिनं वीसच मिनिटं पुढं केलं हुतं. वीस मिनिटांत काय हुतंय? ती स्टुलावरनं उतरल्यावर वरची वीस मी केली. दोन्ही घड्याळांत.”

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं आणि त्याच वेळी आत्यांना मिठी मारावी असंही वाटलं.

“ह्याला पुरावा काय?” नेमगोंडा म्हणाले.

“तांदळाच्या डब्यात हाय,” आत्या म्हणाल्या आणि आतून रेडिओ आणि सेल घेऊन आल्या. सेल घातले. रेडिओ खरखरला आणि चार-पाच मिनिटांनी साडेसहाला लागणारा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. ऐकायचा राहू नये म्हणून नेमगोंडा रोज ज्याच्यासाठी शेतातून धावत यायचे, तो. त्यांनी अडकित्ता खिशात घातला.

मग जे झालं ते मला अजून लख्ख आठवतं. अक्सल खतातून आणून मी पुसला, बसवला, चारी नट आवळले. नेमगोंडांनी स्वतः प्रत्येक नटाला पाना लावून खात्री केली. चौघं कंदील धरून उभे. मी सासूची साडी खोचून गाडीखाली. पाना निसटला की गल्लीतली माणसं ‘अररर’ म्हणायची, नट निघाला की ‘हां’ म्हणायची. चार नट निघाले. ड्रम उलटा लावला. “मामंजी,” मी खालून म्हणाले, “आता तुम्ही या. ड्रम दोन्ही हातांनी धरा आणि स्वतःकडे हिसका द्या. हळू नाही. राग आल्यासारखा.”

“राग कुणाचा आणू?”

“नेमगोंडाकाकांचा आणा.”

तिसऱ्या हिसक्याला अक्सल बाहेर आला आणि मामंजी त्याला पोटाशी धरून मागच्या मागं बसले. भूमिती शिकवणारा तो गंभीर माणूस मातीत बसून खो खो हसत होता. रेडिओवर उसावरच्या किडीची माहिती चालली होती. खरे सहा एकावन्न झाले होते.

“सहा मिनिटं हाईत अजून,” नेमगोंडा म्हणाले. “जेवताना मास्तरीणबाईंनी घाई केली. माझं पोट अर्धंच भरलंय.” पाच भाकऱ्यांनी अर्ध्या भरलेल्या त्या पोटासाठी आत्यांनी आणखी एक ताट वाढलं. परसू मात्र पुढल्या आठवड्यात त्यांनी शब्दाप्रमाणं नांगरून दिलं, कोथिंबिरीच्या वाफ्यासकट.

दिवे लागल्यावर मी स्वयंपाकघरात हात घासत होते. आत्या शेजारी येऊन बसल्या.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“लगीन झाल्यावर पंधरा दिवसांत. आपण दळण आणायला गेलो हुतो. गिरणीचा आवाज ऐकून तू पुटपुटलीस, ‘बेअरिंग जाणार.’ चौथ्या दिवशी गिरणी बंद पडली.”

“मग बोलला का नाहीत? सहा महिने मी रोज मरत होते.”

आत्या थोडा वेळ माझ्या नखांतली काळी रेघ बघत राहिल्या. “मी ह्या घरात आले ती सातवी पास म्हणून,” त्या म्हणाल्या. “शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. मास्तरची बायको, आणि घड्याळ वाचता यायचं न्हाई. दोन वर्षं सावलीच्या अंदाजानं जेवण वाढलं. ढगाळ दिवस आला की दहादा अंगणात जाऊन बघायची. ह्यांना पहिल्या महिन्यातच कळलं हुतं. पण बोलले न्हाईत. दोन वर्षांनी मीच एक दिवस रडत सांगितलं. तवा घड्याळ भिंतीवरनं काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, ये, बस.” त्यांनी साबण माझ्याकडं सरकवला. “दुसऱ्यानं सांगितलं की चोरी हुती. आपण सांगितलं की मोकळं हुतंय. तू कधी सांगतीस ते बघायचं हुतं.”

मी नुसती रडले, साबणाच्या हातांनी डोळे पुसले आणि मग डोळे झोंबतात म्हणून आणखी रडले. आत्या हसायला लागल्या.

परसातून मामंजींचा आवाज आला. आजवर ते मला ‘सूनबाई’ म्हणायचे. “त्रिशला! अगं, डावीकडचंबी चाक घुमत हुतं असं मला कधीकधी वाटतं. खरं काय गं?”

“खरं, मामंजी,” मी आतून ओरडले. “लग्नाच्या दिवशीच ऐकलं होतं.”